वाचकांचे प्रश्न : आर हळू चालतंय, कोअर वाढवू की कोड बदलू?

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, प्रोग्रॅम चालतो पण संपत नाही. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. कोड छापायला जागा पुरत नाही त्यामुळे कोडमध्ये काय करायचं ते शब्दांतच सांगतोय, आणि ज्यांना आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांची थोडी सवय आहे त्यांना तेवढं पुरेल.

प्रश्न : नमस्कार सर, मी केगावला विद्यापीठात एमएस्सी स्टॅटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट रब्बी ज्वारीच्या उताऱ्यावर आहे, गावनिहाय उतारा आणि रोजचा पाऊस असा डेटा आहे. एलएमई-फोर पॅकेजनं मिक्स्ड मॉडेल बसवलंय आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलसाठी १०,००० वेळा बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढून मॉडेल परत बसवणं) करायचंय. रात्री लावून झोपते, सकाळी बघते तर चालूच. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू फक्त १२-१३ टक्के दिसतो म्हणजे लॅपटॉप काम करतच नाही का? सीनियरनं एमसीएलअप्लाय वापर म्हणून सांगितलं तर विंडोजवर एरर आली, मग पारएलअप्लाय वापरलं तर आधीपेक्षा स्लो झालं आणि लॅपटॉप हँग. ८ कोअर आहेत, रॅम ८ जीबी. सबमिशन जवळ आलंय, प्लीज सांगा. (कोड सोबत पाठवलाय.)
— एक विद्यार्थिनी, केगाव

उत्तर : आधी ते १२-१३ टक्क्यांचं. लॅपटॉप काम करतोय की, पण त्यातला एकच कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला हिशोब करणारा एकच भाग, करतोय. १०० भागिले ८ केलं की साडेबारा येतात, तोच आकडा तुला दिसतोय. आर ही भाषा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात सुरू केली, तिचं मूळ त्याही मागं बेल लॅब्जच्या १९७६ च्या एस भाषेत आहे, आणि तेव्हा साध्या मशीनला प्रोसेसर एकच असायचा, त्यामुळं आरचा गाभा आजही एका वेळी एकच काम करतो. बाकीचे सात कोअर वापरायचे तर ते आपण सांगावं लागतं.

पण म्हणून लगेच कोअरच्या मागं लागू नको, आधी वेळ कुठं जातोय ते मोज. आरमध्ये आरप्रॉफ नावाचं फंक्शन आधीपासूनच आहे, ते चालू करायचं, बूटस्ट्रॅप फक्त २० वेळा चालवायचं, मग बंद करून समरी बघायची, कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला ते सगळं समोर येतं. चित्रात बघायचं असेल तर प्रॉफव्हिस पॅकेज आहे. तुझ्या कोडवर मी हेच करून बघितलं आणि निम्म्याहून जास्त वेळ मॉडेलमध्ये जातच नाहीये, तो जातोय मर्जमध्ये! तू लूपच्या आत दरवेळी उताऱ्याचा डेटा रोजच्या पावसाच्या त्या अवाढव्य टेबलला जोडतेस आणि मग त्यातून हंगामाचा एकूण पाऊस काढतेस. पाऊस काही बूटस्ट्रॅपनं बदलत नाही ना, मग तो हिशोब लूपच्या बाहेर एकदाच कर, गाव आणि वर्षामागं एक ओळ असं छोटं टेबल बनव आणि लूपमध्ये फक्त त्यातल्या ओळी उचल.

दुसरी गोष्ट आरबाइंड. प्रत्येक फेरीचा निकाल तू आधीच्या टेबलला खाली चिकटवतेस, आणि प्रत्येक वेळी आर नवीन टेबल बनवून जुन्या सगळ्या ओळी त्यात कॉपी करतो. १०,००० फेऱ्यांत मिळून जवळपास ५ कोटी ओळी कॉपी होतात, आणि फेऱ्या एक लाख केल्या तर तोच आकडा ५०० कोटींवर जातो, म्हणजे काम दहापट वाढवलं की कॉपी शंभरपट वाढते. १०,००० ओळींचं रिकामं मॅट्रिक्स आधीच तयार ठेव आणि प्रत्येक निकाल आपापल्या ओळीत भर, किंवा सगळे निकाल लिस्टमध्ये ठेवून शेवटी एकदाच जोड. एवढ्या दोन दुरुस्त्या केल्या तरी एकाच कोअरवर बराच फरक दिसेल.

आता पॅरलल, म्हणजे काम एकाच वेळी अनेक कोअरना वाटून देणं. बूटस्ट्रॅप म्हणजे १९७९ मध्ये ब्रॅडली एफ्रन यांनी मांडलेली पद्धत, तिच्यातली प्रत्येक फेरी दुसऱ्या फेरीवर अजिबात अवलंबून नसते, त्यामुळं कोअर वाटून द्यायला याच्यापेक्षा सोयीचं काम नाही. एमसीएलअप्लाय तुझ्याकडं चाललं नाही कारण ते चालू असलेल्या आरचीच एक प्रत काढतं, ज्याला फोर्क म्हणतात, आणि विंडोजमध्ये फोर्क नाही. लिनक्स आणि मॅकवर ते चालतं. पारएलअप्लाय मात्र सगळीकडं चालतं, पण त्यात प्रत्येक वर्कर म्हणजे कोरा करकरीत नवीन आर असतो, त्याला ना तुझा डेटा माहीत असतो ना तुझी पॅकेजेस, सगळं त्याच्याकडं पाठवावं लागतं. तू क्लस्टरएक्सपोर्टला वर्कस्पेसमधलं सगळंच्या सगळं दिलंस, ते पावसाचं टेबल धरून. समजा ते ७०० एमबी असेल तर ८ वर्कर म्हणजे ५.६ जीबी, वर तुझा स्वतःचा आर, वर विंडोज, वर ब्राउजर, ८ जीबीत हे मावायचं कसं? रॅम भरली की मशीन डिस्कवर लिहायला लागतं आणि मग सगळंच रांगतं. टास्क मॅनेजरमध्ये तेव्हा मेमरी बघितली असतीस तर लगेच कळलं असतं. वरचं छोटं टेबल बनवलंस की हा प्रश्नही आपोआप मिटतो, वर्करला फक्त तेवढंच पाठव. आणि वर्कर ८ नको, विंडोज एका खऱ्या कोअरचे दोन दाखवू शकतं, म्हणून डिटेक्टकोअर्सला लॉजिकल फॉल्स देऊन खरे कोअर किती ते बघ, चार निघाले तर तीन वर्कर लाव, एक मशीनला मोकळा ठेव.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये एक साधा हिशोब मांडला, तो आजही तसाच लागू पडतो. कामातला जो भाग वाटून देता येत नाही तोच शेवटी वेग ठरवतो. १०० मिनिटांच्या कामात १० मिनिटं डेटा वाचण्यात आणि निकाल गोळा करण्यात जात असतील तर ८ कोअरवर उरलेली ९० मिनिटं सव्वाअकरा होतात, एकूण सव्वाएकवीस, म्हणजे आठपट नाही तर साधारण पावणेपाचपट वेग. आणि कोअर कितीही आणले तरी दहापटीच्या वर जाताच येत नाही. आपल्याकडं मागवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, माग किती का वाढवा, बीम तयार करून देणारा एकच असेल तर निम्मे माग उभेच राहतात.

सी प्लस प्लसच्या नादाला या प्रोजेक्टपुरतं लागू नको. एलएमई-फोरचं आतलं जड गणित आधीच सी प्लस प्लसमध्ये आहे, तू वेगळं लिहून काही मिळणार नाही. आणि एक, पॅरामेट्रिक बूटस्ट्रॅप (बसवलेल्या मॉडेलमधूनच नवा डेटा तयार करणारं) चालणार असेल तर त्याच पॅकेजमध्ये बूटमेर नावाचं फंक्शन तयार आहे, त्याला पॅरललच्या जागी स्नो आणि किती सीपीयू ते सांगितलं की वर्कर वगैरे तेच सांभाळतं. मात्र गावंच्या गावं रीसॅम्पल करायची असतील तर ते त्यात होत नाही, ते तुझं तुलाच लिहावं लागेल, गाइडना एकदा विचारून घे यातलं नक्की काय हवंय.

प्रश्न : सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. टॉवेलच्या जीएसएमवर (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) एव्मा चार्ट, म्हणजे जुन्या सॅम्पलना कमी कमी वजन देऊन सरासरी काढणारा कंट्रोल चार्ट, लावायचाय, नवीन सॅम्पलचं वजन लॅम्डा आणि लिमिट किती रुंद ते सांगणारा एल किती ठेवायचा ते ठरवायला आरमध्ये सिम्युलेशन लिहिलंय, खोटा अलार्म सरासरी किती सॅम्पलनंतर येतो ते बघायला. सगळी कॉम्बिनेशन धरली तर तासन्‌तास जातात. एव्मात आजची किंमत कालच्यावर अवलंबून असते त्यामुळं लूप पॅरलल होत नाही असं वाचलं. कोण म्हणतं सीएमपीफन लावा, कोण म्हणतं सी प्लस प्लस शिका. काय करू? सी प्लस प्लस कॉलेजात एक सेमिस्टर होतं तेवढंच.
— क्वालिटी विभागातला एक वाचक

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण टॉवेलच्या कारखान्यात बसून कोणी एआरएल, म्हणजे अलार्मपर्यंतची सरासरी सॅम्पलसंख्या, काढतंय ही साधी गोष्ट नाही.

सीएमपीफन सोडून द्या. ते बाइट कंपायलर २०११ मध्ये आलं तेव्हा त्याचा उपयोग होता, पण २०१७ च्या आर ३.४.० पासून आर स्वतःच फंक्शन एकदोनदा चालल्यावर ते कंपाइल करून घेतो, वेगळं लावून काही हाती लागत नाही.

तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. एका रनच्या (सुरुवातीपासून अलार्मपर्यंतच्या एका फेरीच्या) आतला लूप वाटता येत नाही कारण प्रत्येक पायरीला मागची किंमत लागते. पण दोन वेगळे रन एकमेकांवर अवलंबून नाहीत, आणि लॅम्डा-एलची दोन वेगळी कॉम्बिनेशन तर नाहीतच नाहीत. म्हणजे आतला लूप कंपाइल करायचा आणि बाहेरचा पॅरलल करायचा. हे ज्याला नीट उमगलं त्याचं निम्मं काम झालं.

सी प्लस प्लसकडं जायच्या आधी एक बघा, बेस आरमध्ये फिल्टर नावाचं फंक्शन आहे, त्यात मेथड रिकर्सिव्ह ठेवली की आतला लूप सी मध्येच चालतो. सॅम्पलना लॅम्डानं गुणून द्यायचं, फिल्टरच्या जागी एक वजा लॅम्डा, आणि इनिटमध्ये टार्गेट मीन, झाला एव्मा तयार. प्रत्यक्ष डेटावर चार्ट काढायला हे भरपूर झालं. सिम्युलेशनमध्ये मात्र याची एक अडचण आहे, लिमिट ओलांडली तिथंच थांबायचं असतं आणि फिल्टर शेवटपर्यंत जातो, आणि किती लांब सिरीज घ्यायची हेही आधी ठरवावं लागतं. तिथं सी प्लस प्लस खरोखर कामाला येतं.

त्यासाठी आरसीपीपी पॅकेज, डर्क एडेलब्युटेल आणि रोमँ फ्रान्स्वा यांचं, २००८ पासून क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजांच्या अधिकृत साठ्यावर, आहे. विंडोजवर आधी आरटूल्स (त्यात सी प्लस प्लसचा कंपायलर असतो) टाकावं लागतं, तुमच्या आरच्या व्हर्जनला जुळणारंच टाका. तुमचं फंक्शन पंधरा-वीस ओळींच्या वर जाणार नाही. बाहेर रनचा फॉर लूप, आत व्हाइल लूप, त्यात एक नॉर्मल रँडम नंबर घ्यायचा, झेड म्हणजे लॅम्डा गुणिले नवीन सॅम्पल अधिक (एक वजा लॅम्डा) गुणिले जुना झेड, काउंटर एकनं वाढवायचा, झेड लिमिटच्या बाहेर गेला की ब्रेक. लिमिट म्हणजे एल गुणिले सिग्मा (सॅम्पलचं स्टँडर्ड डिव्हिएशन) गुणिले वर्गमूळ, वर्गमुळात लॅम्डा भागिले (दोन वजा लॅम्डा). एवढंच.

सेमिस्टरनंतर हात सुटलेला असतो म्हणून नेमकं कुठं अडकायला होतं ते सांगतो. मोजणी शून्यापासून असते, आरसारखी एकपासून नाही. १/१० असं लिहिलं तर उत्तर ०.१ येत नाही, शून्य येतं, कारण दोन्ही पूर्णांक आहेत, मग तुमचा लॅम्डा शून्य होणार आणि झेड जागचा हलणारच नाही, अलार्म कधीच येणार नाही आणि प्रोग्रॅम अडकून बसणार, म्हणून १.०/१०.० लिहा. लूपच्या मधे मधे चेक-युजर-इंटरप्ट टाका म्हणजे अडकला तर थांबवता तरी येईल. चौकटी कंसात चुकीचा नंबर गेला तर आरसारखी सभ्य एरर येत नाही, कधी कचरा आकडा येतो नाहीतर अख्खं आर बंद पडतं. आणि आरकडून आलेल्या न्युमेरिक व्हेक्टरमध्ये सी प्लस प्लसनं काही बदललं तर तिकडं आरमधला मूळ डेटाही बदलतो, कॉपी हवी असेल तर क्लोन करून घ्या.

बरोबर लिहिलंय का ते तपासायची छान सोय आहे. लॅम्डा १ ठेवला की एव्मा म्हणजे साधा श्यूहार्ट चार्टच होतो, आणि एल ३ ठेवला तर खोट्या अलार्मपर्यंतची सरासरी ३७० यायला हवी. १०,००० रन केलेत तर स्टँडर्ड एरर साधारण ३.७ असते, म्हणजे ३६३ ते ३७७ च्या दरम्यान आलं तर चिंता नाही, ३४० आलं तर कोडमध्ये शोधा. मग लॅम्डा ०.१ आणि एल २.८१४ ला ५०० च्या आसपास येतंय का बघा, हा आकडा क्वालिटी कंट्रोलच्या पाठ्यपुस्तकात मिळतो. हे दोन्ही जुळल्याशिवाय वेगाकडं बघूच नका.

वेगाचा अंदाज द्यायचा तर १००० कॉम्बिनेशन, प्रत्येकी १०,००० रन, प्रत्येक रन सरासरी ५०० पायऱ्या म्हणजे ५०० कोटी पायऱ्या होतात, साध्या आर लूपमध्ये हे तासांचं काम आहे आणि कंपाइल केल्यावर मिनिटांचं. त्यावर कॉम्बिनेशन वर्करना वाटली की अजून कमी. फक्त एक खाच लक्षात ठेवा, आरसीपीपीच्या सोर्ससीपीपीनं कंपाइल करून बनवलेलं फंक्शन क्लस्टरएक्सपोर्टनं वर्करकडं पाठवता येत नाही, तिकडं पोचतो तो नुसता पत्ता आणि त्या पत्त्यावर काहीच नसतं. प्रत्येक वर्करमध्ये ती फाइल वेगळी सोर्स करा, किंवा सगळ्यात चांगलं म्हणजे छोटं पॅकेजच बनवून टाका.

आणि हे सगळं लिहून झाल्यावर सांगतोय, तुमचं जीएसएम नॉर्मल आणि सॅम्पल एकमेकांपासून स्वतंत्र धरणार असाल तर सिम्युलेशनची गरजच नाही! स्वेन क्नोथ यांच्या एसपीसी पॅकेजमध्ये एक्स-एव्मा डॉट एआरएल हे फंक्शन उत्तर थेट गणितानं क्षणात काढून देतं. या प्रकारच्या चार्टचं एआरएल मार्कोव्ह चेननं काढायची वाट ब्रूक आणि इव्हान्स यांनी १९७२ मध्येच क्युसम या दुसऱ्या एका कंट्रोल चार्टसाठी दाखवली होती. सिम्युलेशनमध्ये एक दशांश अंक जास्त अचूक हवा तर शंभरपट रन लागतात, गणितानं ते फुकट मिळतं. पण एकाच मागावरचे लागोपाठचे टॉवेल एकमेकांसारखे निघतात, म्हणजे सॅम्पल स्वतंत्र नसतात, तुमच्या डेटात तसं दिसत असेल तर मात्र सिम्युलेशनच करा, आणि तेव्हा वरचं सगळं लागेल.

प्रश्न : ५००० बाय ५००० च्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स आणि गुणाकार यांना आरमध्ये फार वेळ लागतो. हेही सी प्लस प्लसमध्ये लिहावं का?
— एक प्राध्यापक, बार्शी

उत्तर : नको सर, मॅट्रिक्सचा गुणाकार स्वतः लिहायला जाऊच नका, हाताने लिहिलेला तीन लूपचा गुणाकार चांगल्या लायब्ररीपुढं टिकत नाही. आर ही गणितं ब्लास आणि लापॅक या लायब्रऱ्यांकडून करून घेतो, आणि आरसोबत येणारी ब्लास ही साधी, एका कोअरवर चालणारी असते. ओपनब्लास किंवा इंटेलची एमकेएल जोडली तर कोडची एक ओळ न बदलता कित्येक पटींनी वेग येतो, कारण त्या कॅश मेमरीचा विचार करून लिहिलेल्या आहेत आणि सगळे कोअर वापरतात. असा एक गुणाकार म्हणजे जवळपास २५ हजार कोटी गणिती क्रिया, तेव्हा फरक दिसणारच. उबंटूवर ओपनब्लास टाकणं अगदी सोपं आहे, लॅबची मशीन लिनक्सवर असतील तर आजच करा. कुठली ब्लास चालू आहे ते सेशनइन्फोमध्ये दिसतं.

आणि इन्व्हर्स बहुतेक वेळा लागतच नाही. ए इन्व्हर्स गुणिले बी हवं असेल तर सॉल्व्हला ए आणि बी दोन्ही एकदम द्या, वेळ वाचतो आणि उत्तरही जास्त अचूक येतं. एक्स ट्रान्सपोज एक्ससाठी क्रॉसप्रॉड वापरा. फक्त ओपनब्लास ८ थ्रेड (एकाच प्रोग्रॅमच्या आत एकाच वेळी चालणारी कामं) घेत असताना वर ८ वर्कर लावलेत तर ६४ थ्रेड आठ कोअरवर भांडतात आणि सगळंच मंदावतं, पॅरलल करताना ओपनब्लासचे थ्रेड १ वर आणून ठेवा.

प्रश्न : पायथनमध्ये थ्रेडिंग वापरून चार थ्रेड केले, वेळ तेवढाच लागतोय. का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : जीआयएल नावाच्या कुलुपामुळं. नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो, त्यामुळं फाइल डाउनलोडसारख्या वाट बघायच्या कामाला थ्रेड चालतात, आकडेमोडीला नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ पासून हे कुलूप नसलेलं वेगळं बिल्ड मिळायला लागलंय, पण तुमची सगळी पॅकेजेस त्यावर चालतात का ते आधी बघा. मल्टिप्रोसेसिंग वापरा, आणि नुसता आकड्यांचा लूप असेल तर नंबा लावून बघा, फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ टाकली की ते मशीन कोडमध्ये कंपाइल होतं. पहिल्यांदा चालवताना कंपाइलचा वेळ धरला जातो म्हणून वेळ दुसऱ्या रनला मोजा.

प्रश्न : मुलगी बीएस्सी स्टॅटिस्टिक्सला आहे. लॅपटॉप घ्यायचाय, दुकानदार ग्राफिक्स कार्डवाला गेमिंगचा घ्या म्हणतो. किती कोअर, किती रॅम घ्यावी?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : रॅम आधी, कोअर नंतर. १६ जीबी असावी आणि पुढं वाढवता येईल असा स्लॉट मोकळा असावा, कारण वर बघितलंत तसं प्रत्येक वर्करला डेटाची आपली कॉपी लागते आणि रॅम संपली की कोअर असून नसल्यासारखे होतात. सहा ते आठ खरे कोअर भरपूर झाले. ग्राफिक्स कार्ड आरच्या नेहमीच्या कामात वापरलंच जात नाही, डीप लर्निंग करायचं नसेल तर त्याचे पैसे रॅमला आणि एसएसडीला घाला.

सोलापूरसाठी एक वेगळं सांगावं लागेल. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४० च्या वर असतो, आणि सगळे कोअर तासभर पूर्ण दमानं चालले की लॅपटॉप तापतो, तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. मग सकाळी सहाला चाळीस मिनिटांत झालेलं काम दुपारी तीनला तासावर जातं आणि मुलं कोडमध्ये दोष शोधत बसतात. अंगानं बारीक असलेल्या लॅपटॉपमध्ये हे जास्त होतं, म्हणून चांगला पंखा असलेला थोडा जाड लॅपटॉप घ्या, गादीवर ठेवून चालवू देऊ नका, आणि घरीच बसून काम होणार असेल तर त्याच पैशात डेस्कटॉप आणि यूपीएस जास्त चांगलं काम देईल. मोठं काम रात्री लावायची सवय लागू द्या, आणि दर पाचशे फेऱ्यांनी निकाल सेव्हआरडीएसनं डिस्कवर ठेवायला सांगा, लाइट गेली तर पहिल्यापासून करावं लागत नाही. मोफत हवं असेल तर गुगल कोलॅबवर आरही चालतं, पण तिथं कोअर थोडेच मिळतात आणि सेशन मधेच तुटतं, शिकायला ठीक आहे.

प्रश्न : माझ्या विद्यार्थ्यांनी सिम्युलेशन पॅरलल केलं. सेट डॉट सीड १२३ (रँडम आकडे कुठून सुरू करायचे ते ठरवणारा आकडा) दिलेलं असूनही दरवेळी वेगळे आकडे येतात, एकाच्या बाबतीत तर दोन वर्करचे निकाल तंतोतंत सारखे निघाले. थीसिसमध्ये हे कसं छापायचं?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : मॅडम, हा प्रश्न वेगापेक्षा मोठा आहे. दोन वर्करचे निकाल सारखे येणं हे तर वेगळे येण्यापेक्षा वाईट, कारण तिथं १०,००० फेऱ्या केल्या असं वाटतं आणि खऱ्या फेऱ्या निम्म्याच असतात, स्टँडर्ड एरर खोटी लहान दिसते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

होतं काय की सेट डॉट सीड फक्त मुख्य आरला लागू होतो, वर्करना त्याचा पत्ता नसतो, ते आपापलं सीड घेतात म्हणून दरवेळी वेगळं येतं. आणि विद्यार्थ्यानं वर्करच्या आत तेच सीड टाकलं की सगळे वर्कर एकच आकडे काढतात. प्रत्येक वर्करला १, २, ३ अशी वेगवेगळी सीड देणं हाही पक्का उपाय नाही, त्या मालिका एकमेकींपासून लांब राहतीलच याची हमी नसते. पॅरलल पॅकेजमध्ये क्लस्टर-सेट-आरएनजी-स्ट्रीम आहे ते वापरा. ते लेक्युए यांचा रँडम आकड्यांचा जनरेटर लावतं, त्याची मालिका साधारण २ चा १९१ वा घात इतकी लांब असते आणि प्रत्येक वर्करला आधीच्यापासून २ चा १२७ वा घात इतकं पुढं नेऊन सोडलं जातं, त्यामुळं एकाचे आकडे दुसऱ्यात घुसत नाहीत.

तरी एक राहतं. वर्करची संख्या बदलली की कुठली फेरी कोणाकडं गेली ते बदलतं आणि आकडेही बदलतात, विद्यार्थ्याच्या ४ कोअरवर आलेलं तुमच्या ८ वर येणार नाही. लोड बॅलन्सिंगचं पारएलअप्लाय-एलबी वापरलं तर एकाच मशीनवरही बदलेल, कारण जो मोकळा होईल त्याला पुढचं काम मिळतं. यावर हेन्रिक बेंग्टसन यांचं फ्युचर-डॉट-अप्लाय पॅकेज चांगलं आहे, त्यात फ्युचर डॉट सीड ट्रू केलं की प्रत्येक फेरीला रँडम आकड्यांचं स्वतःचं स्ट्रीम मिळतं, मग कोअर एक असो की आठ, उत्तर तेच.

आणि एवढं करूनही पंधराव्या-सोळाव्या अंकात फरक दिसला तर विद्यार्थ्यांना रागावू नका. दशांशांची बेरीज कुठल्या क्रमानं केली त्यावर संगणकात शेवटचे अंक बदलतात, आणि बेरीज थ्रेडमध्ये वाटली की क्रम बदलतोच. म्हणून तुलना करताना बरोबर-बरोबरचं चिन्ह न वापरता ऑल-डॉट-इक्वल वापरा, ते साधारण १.५ भागिले १० कोटी इतका सापेक्ष फरक सोडून देतं. थीसिसच्या परिशिष्टात आरचं आणि पॅकेजांचं व्हर्जन, जनरेटरचं नाव, सीड, वर्करची संख्या आणि कुठली ब्लास हे पाच तपशील छापा, पहिले आणि शेवटचे तर सेशनइन्फोच्या आउटपुटमध्येच मिळतात, आणि तोच कोड एकदा १०० फेऱ्यांसाठी एकाच कोअरवर चालवून दोन्ही निकाल जुळल्याचं टेबलही सोबत जोडायला सांगा.